‘बी खराब आहे’ असं म्हणण्याआधी

परवा एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीचा मेल आला. "ताई, तीन आठवडे झाले, ट्रेमध्ये कांद्याचं बी उगवतच नाहीये. आधी माती बदलली, मग बियाणं बदललं, आता कोकोपीट आणलंय. पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस द्यायचा आहे. आता काय बदलू?"

मी तिला विचारलं, न उगवलेल्या बिया कुठे आहेत? उत्तर आलं, "ट्रेसकट टाकून दिल्या."

तिला रागावण्याचा मला हक्क नाही. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. माझे पहिले चार ट्रे फसले तेव्हा मी एकाच आठवड्यात बियाणं, माध्यम, पाणी आणि ट्रे ठेवायची जागा असं सगळं बदललं. पाचवा ट्रे छान उगवला. मी खुशीत गाइडना दाखवायला गेले. त्यांनी विचारलं, "कशामुळे उगवलं?" मला सांगता येईना. "मग पहिले चार का फसले तेही माहीत नाही," एवढंच म्हणून ते पुढच्या कामाला लागले. ट्रे हिरवागार होता, पण वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

हे प्रयोगशाळेतलं झालं, तिथे फार तर दोन महिने जातात. त्याच प्रकारच्या घाईने घरात काय झालं, ते आज सांगते. संशोधनाला सुरुवात करताना बी न उगवण्याचा प्रश्न कसा सोडवायचा, हे मी कुठल्याही पुस्तकापेक्षा त्यातून जास्त शिकले.

मावशीचे वाफे

माझं आजोळ शिरूर तालुक्यात आणि मावशी दिलेली दौंड तालुक्यात. मध्ये भीमा. अंतर फारसं नाही, पण जमीन-पाणी पूर्ण वेगळं. मामाची जमीन हलकी ते मध्यम, पाणी विहिरीचं. मावशीकडे भारी काळी जमीन, आजूबाजूला ऊस, पाणी कॅनॉलचं आणि कॅनॉलचं आवर्तन नसेल तेव्हा बोअरचं. मामा कांद्याचं बी घरचं धरतो. एकसारखे, एकडोळी कांदे निवडून दिवाळीच्या सुमाराला लावायचे, त्यांना डेंगळे येऊ द्यायचे, उन्हाळ्यात गोंडे वाळवून बी झाडायचं आणि बरणीत भरायचं. २०२३ च्या दसऱ्यानंतर त्याने त्यातलं तीन किलो बी मावशीला पाठवलं. उन्हाळ कांद्याला हेक्टरी आठ-दहा किलो बी लागतं असं धरतात, म्हणजे एकरभराची सोय झाली.

त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत शिरूर आणि दौंड दोन्ही होते. मामाचे वाफे तरीही उगवून आले. मावशीकडे भाऊबीजेला आम्ही सगळे जमलो तेव्हा तिथल्या वाफ्यांत जवळपास काहीच नव्हतं. काका म्हणाले, "बी जुनं दिसतंय." मामा समोरच बसला होता. तो म्हणाला, "दाजी, ह्याच बरणीतलं माझ्याकडं उगवलंय." त्यावर काका काही बोलले नाहीत. ते माझ्याकडे वळले, "तू शिकलेली आहेस, तूच सांग."

आणि मी सांगितलं. दहा बिया ओल्या रुमालात गुंडाळून पुण्याला घेऊन आले, सहाव्या दिवशी मोजल्या, सहा उगवल्या होत्या. कांद्याच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते हे मला पाठ होतं. ६० म्हणजे कमी. मी फोनवर कळवलं, "बी कमी पडलंय." काकांनी उरलेलं बी टाकून दिलं, दुकानातून पाकीटबंद बियाणं आणलं आणि त्याच वाफ्यांत पुन्हा टाकलं. मामाला हे कळलं तेव्हा तो फक्त "बरं" म्हणाला.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते विकतचं बियाणंही गेलं.

मी न विचारलेला प्रश्न

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी मावशीशी बोलले. रोज पाणी द्यायला तीच जात होती, आणि तिला आधी कुणी काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "उगवलं होतं की गं. दोन्ही वेळेला. हिरव्या सुया दिसत होत्या वाफाभर. मग शेंडे पिवळे पडून जळत गेले."

तुम्ही बॉटनी किंवा ॲग्री केलेलं असेल तर इथे तुमच्या लक्षात आलं असेल. जे उगवून मेलं, त्याचा दोष उगवणशक्तीवर टाकता येत नाही. मी रिकामा वाफा बघितला, ‘उगवलं नाही’ असं गृहीत धरलं आणि त्या गृहीतकाची चाचणी घेत बसले. चाचणीही चुकीची घेतली, ते पुढे येईलच.

कांद्याच्या बीचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. बी आधी पाणी शोषतं. मग मूळ बाहेर पडतं. मग बीजपत्र वाकलेल्या सुईसारखं, गुडघ्यासारखी घडी घालून, माती ढकलत वर येतं. वर आल्यावर ते सरळ होतं, तेव्हा बीचं काळं टरफल शेंड्यावर झेंड्यासारखं अडकलेलं दिसतं. त्यानंतर पहिलं खरं पान. यातल्या प्रत्येक टप्प्यावर मरण्याची कारणं वेगळी आहेत, म्हणून ‘का’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारायचं. कधी ते कळलं की संभाव्य कारणांपैकी निम्मी तिथेच गळून पडतात.

त्यासाठी उकरावं लागतं. वाफ्याच्या तीन-चार ठिकाणी वीतभर चौकोन आखायचा, वरची दोन-तीन सेंटिमीटर माती काढायची आणि पाण्यात कालवून चहाच्या गाळणीतून गाळायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्याच्याइतकी माहिती दुसरं काहीच देत नाही. बीच सापडलं नाही, तर मुंग्यांनी नेलं असेल किंवा पाण्याच्या लोंढ्याबरोबर वाफ्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन साचलं असेल, तिथे जाऊन बघा. बी सापडलं आणि बोटाने दाबल्यावर मऊ पडून आतून पांढुरका लगदा आला, तर ते मेलेलं आहे. घट्ट, कोरडं असेल तर त्याला पाणीच मिळालं नाही. मूळ फुटलंय, सुई निघालीय, पण ती मातीखालीच वेटोळं घालून बसलीय, तर वर खपली धरली असणार. भारी जमिनीत मोठं पाणी सोडलं आणि वर ऊन पडलं की खपली धरतेच. लांबलचक पांढरी सुई म्हणजे बी खोल पडलं. कांद्याचं बी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण एका ग्रॅममध्ये जवळपास २५० ते ३०० बिया बसतात. एवढ्याशा बीकडे शिदोरी कितीशी असणार?

तापमानही बघा. कांद्याला उगवायला २० ते २५ अंश मानवतात. ३५ च्या पुढे उगवण झपाट्याने ढासळते आणि ४० ला जवळपास थांबते. पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीत ट्रे ठेवणाऱ्यांनी हवामान खात्याचा आकडा सांगू नये, ट्रेमधल्या मातीत थर्मामीटर खुपसून बघावा.

वर येऊन मरणारी रोपं

रोप वर येऊन मेलं असेल तर आपल्याकडे पहिला संशय मर रोगावर घेतला जातो, आणि बऱ्याचदा तो बरोबरही असतो. पिथियम, फ्युजारियम, रायझोक्टोनिया ह्या मातीतल्या बुरश्या कोवळ्या रोपाला जमिनीलगत पकडतात. तिथे खोड पाणी भरल्यासारखं होतं, दोऱ्यासारखं बारीक पडतं आणि रोप कोलमडतं. लक्षात ठेवायची खूण अशी की पडताना पान बहुतेक वेळा हिरवंच असतं. शिवाय मर ठिपक्याठिपक्याने पसरते. पाणी साचतं तिथे सुरू होते आणि गोल वाढत जाते. म्हणून सपाट वाफ्याऐवजी दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करायचा, दाट पेरायचं नाही, बियाण्याला थायरम किंवा ट्रायकोडर्मा चोळायचं, आणि जमलं तर उन्हाळ्यात ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून माती तापवून घ्यायची.

मावशीचं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं. तिची रोपं उभीच होती. ती शेंड्याकडून जळत खाली आली. जिथे पाणी साचलं तिथे नुकसान उलट कमी होतं, जास्त होतं ते वाफ्याच्या वरंब्यालगत आणि उंचवट्यावर. त्या वरंब्यांवर पांढरट थर होता. मी भाऊबीजेला त्याच वरंब्यावर उभी राहून फोटो काढला होता. आजही तो फोटो उघडला की पहिल्यांदा तो थर दिसतो.

आणखी एक गोष्ट समोर असून मी बघितली नव्हती. विकतचं बियाणं गुलाबी रंगाचं होतं, म्हणजे बुरशीनाशक लावलेलं, आणि तरी तेही तसंच गेलं. याने मर पूर्ण बाद होत नाही, पण संशय कमी व्हायला हवा होता. मी मेलेली पाच-सहा रोपं आणून भिंगाखाली बघितली तर जमिनीलगतचा भाग घट्ट होता. आता संशय पाण्यावर होता.

दहा बियांचा हिशोब

पण आधी मामाच्या बीवरचा डाग पुसायचा होता. तुम्ही पुढे कसलंही संशोधन करा, हा हिशोब तुम्हाला लागणारच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

समजा बीची खरी उगवण ७८ टक्के आहे. त्यातल्या कुठल्याही दहा बिया घेतल्या तर त्यांत सहा किंवा त्याहून कमी उगवण्याची शक्यता किती? द्विपद वितरणाचं सूत्र घालून बघा, सुमारे १६ टक्के येते. म्हणजे चांगलं बी असूनही अशा सहा चाचण्यांपैकी जवळपास एका चाचणीत मी त्याला नापास केलं असतं. दहा बियांच्या चाचणीने मी एका माणसाची सहा महिन्यांची मेहनत उकिरड्यावर घालवली.

१०० बिया घेतल्या तर चूक साधारण अधिक-उणे ८ टक्क्यांवर येते, ४०० घेतल्या तर ४ टक्क्यांवर. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षणात शंभर-शंभरचे चार गट घ्यायला सांगतात ते यासाठी. कांद्याला पहिली मोजणी सहाव्या दिवशी आणि शेवटची बाराव्या दिवशी असते. मी सहाव्या दिवशीच निकाल लावला होता! मागाहून उगवणाऱ्या बियांना मी संधीच दिली नाही.

या वेळी मामाकडून बी मागितलं. मागताना जीव लाजला. त्याने बरणीतलं मूठभर काढून दिलं, वर "मोजून परत दे" असं म्हणाला. हसत म्हणाला की नाही, ते फोनवर कळलं नाही.

शंभर-शंभरचे चार गट पावसाच्या साठवलेल्या पाण्यात भिजवलेल्या कागदांत गुंडाळले आणि चार गट मावशीच्या बोअरच्या पाण्यात. गुंडाळ्या प्लास्टिकच्या पिशवीत उभ्या ठेवल्या. बाराव्या दिवशी पावसाच्या पाण्यात ४०० पैकी ३१२ उगवल्या होत्या, बोअरच्या पाण्यात २९६. म्हणजे ७८ टक्के आणि ७४ टक्के. बी सुटलं. ७० च्या वर आरामात.

पण ७८ आणि ७४ मधला फरक एवढ्या बियांवर योगायोगानेही येऊ शकतो. म्हणजे बोअरचं पाणीही निर्दोष?

कागदावर पास, मातीत नापास

इथे मी पुन्हा एकदा चुकणार होते. "पाणी ठीक आहे" असा मेसेज काकांना टाइप करून झाला होता. पाठवण्याआधी लॅबमधल्या सीनियरने एकच विचारलं, "कागदावर बाष्पीभवन होतं का?"

कांद्याची गंमत अशी की बी उगवताना ते खारट पाणी बऱ्यापैकी सहन करतं. कोवळं रोप मात्र अजिबात सहन करत नाही. पुढे तीन ते पाच पानांवर आल्यावर सहनशक्ती पुन्हा वाढते. म्हणजे उगवणीच्या चाचणीत पास होणारं पाणी त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घात करू शकतं. शिवाय बंद पिशवीतल्या कागदावरून पाणी उडत नाही, त्यामुळे त्यातले क्षार तेवढेच राहतात. वाफ्यात रोज पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. खालच्या थरांतले क्षारही ओलाव्याबरोबर वर ओढले जातात. जमिनीचा वरचा सेंटिमीटरभर थर सगळ्यात खारट होतो, आणि कांद्याच्या कोवळ्या रोपाचं सगळं मूळ त्याच भागात असतं. ऊस त्याच पाण्यावर तरतो, कारण त्याची मुळं खाली असतात आणि त्याची सहनशक्तीही जास्त असते. काका म्हणायचे, "ह्याच पाण्यावर ऊस येतोय की!" ते खोटं बोलत नव्हते.

बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकता मोजली. २.९ डेसिसायमन प्रति मीटर. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये केलेल्या आणि आपल्याकडे आजही शिकवल्या जाणाऱ्या वर्गवारीत २.२५ च्या वरचं पाणी सगळ्यात खारट गटात जातं. मास आणि हॉफमन यांच्या १९७७ च्या तक्त्यात कांद्याची मर्यादा १.२ आहे, आणि त्यापुढे वाहकता एका एककाने वाढली की उत्पादन सुमारे १६ टक्क्यांनी घटतं. इथे एक सूचना, कारण परीक्षेत आणि प्रबंधात दोन्हीकडे यावर मुलं घसरतात. हा १.२ चा आकडा मातीच्या संपृक्त अर्काचा आहे, पाण्याचा नाही. नेहमीच्या परिस्थितीत पाण्यासाठी तो साधारण ०.८ धरतात. दोन वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. मावशीच्या बोअरचं पाणी कुठल्याही बाजूने मोजलं तरी कांद्याला जड होतं. इतर वर्षी कॅनॉलचं पाणी मिळायचं म्हणून ते लपून राहायचं. दुष्काळात रोपवाटिका पूर्ण बोअरवर गेली.

आता ही सगळी पटणारी गोष्ट झाली. पण पटणारी गोष्ट म्हणजे पुरावा नाही. ‘बी जुनं आहे’ हीदेखील पटणारीच गोष्ट होती. म्हणून सोळा प्लास्टिकचे ग्लास घेतले, तळाला भोकं पाडली. आठांत मावशीची माती, आठांत मामाची. प्रत्येक मातीच्या चार ग्लासांना बोअरचं पाणी, चारांना मामाच्या विहिरीचं. प्रत्येकात मामाच्या बीच्या पंचवीस बिया. ग्लास कुठे ठेवायचा ते चिठ्ठ्या काढून ठरवलं, नाहीतर बोअरचे सगळे ग्लास खिडकीपासून लांब पडले असते आणि मी ऊन कमी पडल्याचा दोष पाण्याला दिला असता.

उगवण चारही प्रकारांत जवळपास सारखी झाली, बोअरच्या पाण्यात दीड-दोन दिवस उशिरा एवढंच. खरा फरक तिसाव्या दिवशी दिसला. शंभरपैकी जिवंत रोपं अशी: मामाची माती, विहिरीचं पाणी, ७१. मावशीची माती, विहिरीचं पाणी, ५८. मामाची माती, बोअरचं पाणी, १९. मावशीची माती, बोअरचं पाणी, ६. मेलेली रोपं शेंड्याकडून जळत गेली, मावशीने सांगितलं होतं तशीच.

या आकड्यांत काय दिसतं? मुख्य दोष पाण्याचा. मातीचाही थोडा, कारण दोन वेळा बोअरचं पाणी पिऊन तिच्यातही क्षार साचले होते. एकावेळी एकच गोष्ट बदलून चारही जोड्या केल्या म्हणून हे वेगळं करता आलं. फक्त मावशीची माती आणि बोअर विरुद्ध मामाची माती आणि विहीर अशी तुलना केली असती, तर फरक प्रचंड दिसला असता, पण कुणामुळे ते कळलं नसतं. पहिल्या वर्षी माझ्या पाचव्या ट्रेचं तेच झालं होतं.

हिशोबाबद्दल अजून एक. इथे माझ्याकडे ४०० बिया असल्या तरी नमुने सोळाच आहेत, कारण पाणी मी ग्लासाला दिलं, एकेका बीला नाही. एका ग्लासातल्या पंचवीस रोपांना पंचवीस स्वतंत्र नमुने समजणं ही फार जुनी चूक आहे. हर्लबर्टने १९८४ च्या लेखात तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं. तुमच्या पहिल्याच सेमिनारला समितीतलं कुणीतरी यावर विचारणार हे धरून चला.

पुढे

जानेवारी उजाडला होता, नवीन रोप टाकायला वेळ उरला नव्हता. काकांनी दुसऱ्याकडून तयार रोप विकत घेऊन अर्ध्या एकरावर लागण केली, बाकी रान तसंच राहिलं. मी त्यांना आकडे वहीत लिहून दाखवले. त्यांनी वही दोनदा वाचली आणि विचारलं, "म्हणजे पाकिटाच्या बियाण्याची तक्रार करायची नाही?" त्यांनी तो विचारही केला होता.

तक्रार करायची वेळ तुमच्या घरच्यांवर आलीच तर आधीच सांगून ठेवा: पिशवी, तिच्यावरचं लेबल, पावती आणि थोडं बी पेरल्यानंतरही जपून ठेवायचं. लेबलवर लॉट नंबर आणि चाचणीची तारीख असते. प्रमाणित बियाण्याची मुदत त्या तारखेपासून नऊ महिने धरतात. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाते. बी सगळं पेरून पिशवी फेकून दिली की मग कुणाकडे काहीच उरत नाही.

२०२४ च्या हंगामात काकांनी रोपवाटिका बोअरवर घेतली नाही. वाफे गादीचे केले, पाणी कॅनॉलचं दिलं. रोप उत्तम आलं. घरात सगळे म्हणतात, बघा, शास्त्र कामी आलं. मला तसं म्हणता येत नाही. २०२४ ला पाऊस भरपूर झाला. त्याने वाफ्यातले क्षार धुऊन खाली नेले असतील, बोअरचं पाणीही गोडसर झालं असेल, आणि गादीवाफ्याचा फायदा वेगळाच. चार गोष्टी एकदम बदलल्या. माझ्यासाठी पुरावा ते सोळा ग्लासच आहेत.

बी साठवण्याबद्दल मामाला मी एक गोष्ट सांगितली, ती त्याला लगेच पटली. कांद्याचं बी फार लवकर म्हातारं होतं. हॅरिंग्टनचा जुना ठोकताळा असा आहे की बीतला ओलावा एका टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचं तापमान पाचेक अंशांनी कमी केलं, तर बीचं आयुष्य दरवेळी दुप्पट होतं. ठराविक मर्यादेतच लागू होतो, पण घरी वापरायला पुरेसा आहे. त्यामुळे पावसाळ्यात बरणी सारखी उघडायची नाही, आणि भरताना बी खडखडीत वाळलेलं हवं. तो म्हणाला, "हे आई करायची की." आजी बरणीच्या तळाला चुन्याचे खडे पुरचुंडीत बांधून ठेवायची. ओलावा शोषायला.

यंदा दसऱ्याला मामाने मावशीला पुन्हा बी पाठवलंय. बरणीवर पांढरी पट्टी, तिच्यावर झाडणीची तारीख, आणि खाली त्याच्या अक्षरात: १०० पैकी ८१. मी त्याला अजून तीन शंभर मोजायला सांगितलंय. तो म्हणतोय, डोळे दुखतात.

आणि मेल करणाऱ्या मुलीला: माध्यम आता बदलू नकोस. जुन्या पाकिटातलं थोडं बी उरलं असेल तर त्यातल्या चारशे बिया मोज आणि ओल्या कागदात ठेव, बाराव्या दिवसापर्यंत थांब. तोवर सध्याच्या ट्रेचा एक कोपरा गाळणीतून गाळून काय सापडतं ते मला कळव. सिनॉप्सिसमध्ये हेही घालता येईल.